कोलकात्याला मदर तेरेसांच्या घरी सेवेला जायचंय? मग आधी हे नीट वाचा

परीक्षा संपत आल्या किंवा दिवाळी जवळ आली की मला हमखास कोणाचा तरी फोन येतो, ताई आम्हाला कोलकात्याला मदर तेरेसांच्या तिथे थोडे दिवस काम करायचंय, कसं जायचं, कोणाला भेटायचं, आम्ही ख्रिश्चन नाही मग चालेल का, पैसे किती भरावे लागतात. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहून टाकते. मी नर्सची नोकरी केली, रिटायर झाल्यावर तिथे जायला लागले आणि अजूनही तब्येत साथ देते तेव्हा जाते, त्यामुळे खाली जे आहे ते बरंचसं हाताने केलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिथलं काम म्हणजे धुणं, भांडी, लादी, आंघोळ घालणं, भरवणं, चादरी बदलणं. बस्स. कोणी तुम्हाला हॉलमध्ये बसवून मदरवर लेक्चर देणार नाही, सर्टिफिकेट वगैरेचा तर विचारही नको. आणि हे असंच का आहे ते कळायला मदर स्वतः काय करत होत्या ते थोडं माहीत असलेलं बरं, म्हणून मधेमधे तेही सांगते.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० चा, आताच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्ये गावात, अल्बेनियन कुटुंब. अठराव्या वर्षी घर सोडून आयर्लंडला लोरेटो सिस्टर्स या नन्सच्या संघाकडे गेल्या आणि १९२९ च्या जानेवारीत कोलकात्याला पोचल्या. पुढची जवळजवळ वीस वर्षं त्या शिक्षिका होत्या, एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत, १९४४ ला तिथल्या मुख्याध्यापिकाही झाल्या. ही वीस वर्षं लोक विसरतात, सगळ्यांना वाटतं बाई आल्या त्या थेट रस्त्यावरच उतरल्या. १९४३ चा दुष्काळ, १९४६ च्या ऑगस्टमधल्या दंगली, हे सगळं त्यांनी त्या शाळेत असताना बघितलं आणि १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या ट्रेनमध्ये त्यांना आतून वाटलं की आता गरिबांमध्येच जाऊन राहायचं. वाटलं म्हणून लगेच निघता येत नाही, नन असली की वरून परवानगी लागते, ती मिळायला जवळजवळ दोन वर्षं गेली. १७ ऑगस्ट १९४८ ला निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या लोरेटोच्या बाहेर पडल्या.

आणि बाहेर पडून पहिलं काय केलं तर ट्रेनिंग घेतलं! पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सच्या हॉस्पिटलात जाऊन इंजेक्शन, मलमपट्टी, बाळंतपण असं सगळं शिकल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे सेवा म्हटलं की मन चांगलं असलं म्हणजे झालं असा समज आहे. मन चांगलं हवंच हो, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे मनाला आपोआप कळत नाही, ते शिकावं लागतं.

म्हणून निघण्याआधी घरी काय तयारी करायची ते बघू.

तयारी

डॉक्टरांना भेटा, कुठे जाणार ते स्पष्ट सांगा आणि धनुर्वात, हिपॅटायटिस बी, टायफॉईड यातल्या कुठल्या लसी घ्यायच्या ते विचारा. हिपॅटायटिस बीचे डोस अंतराने घ्यावे लागतात त्यामुळे हे आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. तिथे टीबीचे पेशंट असतात, खरूज असते, हे घाबरवायला नाही सांगत, पण घरात तान्हं मूल असेल किंवा तुमची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमो वगैरे झालेली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊच नका.

कपडे साधे सुती घ्या, सलवार-कुर्ता सगळ्यात सोयीचा, रोज भिजणार आणि रोज धुवावे लागणार असे. ओढणी नको, ती वाकताना पेशंटच्या ताटात जाते. चपला रबरी सोलच्या, पाठीमागे पट्टा असलेल्या, कारण धुण्याच्या जागी सगळं पाणीच पाणी असतं आणि घसरून पडलं की सेवा राहिली बाजूला. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लॉजवर ठेवून जा. नखं कापा, अगदी बारीक कापा, म्हाताऱ्या माणसांची कातडी इतकी पातळ झालेली असते की नुसतं नख लागलं तरी सोलवटते.

सीझन विचाराल तर नोव्हेंबर शेवट ते फेब्रुवारी. एप्रिल-मेचा दमटपणा मुंबईकरांनाही जड जातो. पण एक लक्षात घ्या, डिसेंबर-जानेवारीत देशोदेशीचे व्हॉलंटियर येतात, गर्दी असते, आणि पावसाळ्यात हात कमी पडतात. ज्यांना उकाडा आणि पाऊस सोसतो त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

किती दिवस जायचं? दोन दिवसांसाठी जाऊ नका. पहिले दोन दिवस तर कुठली बादली कशाची हे समजण्यातच जातात, शिवाय पेशंटलाही तुमचा चेहरा ओळखीचा व्हावा लागतो. निदान दोन आठवडे काढा.

जायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून गीतांजली किंवा नागपूरमार्गे हावडा मेल, पुण्याहून आझाद हिंद, साधारण तीस तासांचा प्रवास, नागपूरकरांना अर्थातच बराच कमी. हावड्याला उतरलात की टॅक्सी आहे, बस आहे, आता हुगळीच्या खालून जाणारी मेट्रोपण आहे. मुख्य ठिकाण म्हणजे मदर हाऊस, मदरनी काढलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या नन्सच्या संस्थेचं मुख्य घर, ५४ए, आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, सगळे ए. जे. सी. बोस रोड म्हणतात, सियालदह स्टेशनपासून दक्षिणेला.

राहायची सोय तिथे होत नाही, हे आधीच सांगते कारण बरेच जण आश्रमासारखं समजून बॅगा घेऊन थेट दारात जातात. स्वतःची सोय स्वतः करायची. परदेशी मुलं-मुली बहुतेक सदर स्ट्रीटला राहतात, इंडियन म्युझियमच्या बाजूला, तिथे स्वस्त लॉज आहेत आणि मदर हाऊसला सकाळी चालत जाता येतं. एकट्या बाईने जायचं असेल तर रूम दिवसाउजेडी बघून घ्यावी, दाराला आतून कडी नीट लागते ना बघावं, बाकी रस्त्यांवर रहदारी रात्री उशिरापर्यंत असते.

पैसे भरावे लागत नाहीत. कोणी एजंट मदर तेरेसा व्हॉलंटियर प्रोग्राम म्हणून पॅकेज विकत असेल तर घेऊ नका, मधल्या माणसाची काही गरज नाही. नाव नोंदवायला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. अमेरिका-इंग्लंडच्या पासपोर्टवर येणाऱ्या आपल्या मंडळींनी कुठल्या व्हिसावर असं काम चालतं ते तिकडच्या भारतीय वकिलातीत विचारूनच निघावं.

नोंदणी बरीच वर्षं शिशुभवनात, म्हणजे त्यांच्या लहान मुलांच्या घरी होत आली आहे, त्याच रस्त्यावर ७८ नंबरला, मदर हाऊसपासून चालत काही मिनिटं, सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारी तीनला. या वेळा अधूनमधून बदलतात म्हणून पोचल्यावर आधी मदर हाऊसच्या दारावर विचारा. सिस्टर तुमच्याशी दोन शब्द बोलतात, किती दिवस आहात, आधी काही अनुभव आहे का, आणि मग कुठल्या घरी जायचं ते ठरतं. इथे मला अमुकच घर हवं असा हट्ट धरू नका. सगळ्यांना कालीघाटचं मरणाच्या दारातल्या माणसांचं घरच हवं असतं, कारण नाव ऐकलेलं असतं. जिथे हात कमी आहेत तिथे जावं, एवढं साधं आहे. नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट असाल तर मात्र ते न लाजता सांगा, अशा माणसांची तिथे खरी गरज असते.

ख्रिश्चन नाही म्हणून अडत नाही. सकाळी सहाची मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना असते तिला जायचं तर जा, नाही गेलात तरी कोणी विचारत नाही. मी जाते, मागे बसते. त्या चॅपेलमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या जागेत, क्रूसाच्या बाजूला भिंतीवर आय थर्स्ट, म्हणजे मला तहान लागलीय, असे येशूचे क्रूसावरचे शब्द लिहिलेत, जगातल्या त्यांच्या प्रत्येक चॅपेलमध्ये तसेच असतात, आणि सिस्टर्सचं सगळं जगणं त्या तहानेभोवती आहे हे तिथे बसून समजतं.

घरं कुठली कुठली

निर्मल हृदय हे सगळ्यात जुनं, १९५२ चं, कालीघाटच्या काली मंदिराला अगदी लागून. यात्रेकरूंसाठीची जागा होती ती, कलकत्ता महापालिकेने मदरना दिली, म्हणजे रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांना निदान छपराखाली, कोणाचा तरी हात हातात असताना जाता यावं. मंदिराच्या दारात ख्रिश्चन बाई काय करतेय म्हणून सुरुवातीला विरोधही झाला. तिथे ज्याचा जो धर्म त्याप्रमाणे शेवटचे विधी करायचे हा मदरनी घालून दिलेला नियम.

प्रेमदान पार्क सर्कसच्या बाजूला, मोठं घर, पूर्वी आयसीआय कंपनीची जागा होती. इथे बरेच दिवसांचे आजारी, जखमी, मनाने खचलेले असे पुरुष आणि बायका दोन्ही विभाग आहेत. शिशुभवन लहान मुलांचं, दयादान अपंग मुलांचं, शांतिदान बायकांचं. शहराबाहेर टिटागढला गांधीजी प्रेमनिवास आहे, कुष्ठरोग झालेल्यांसाठी १९५८ साली सुरू झालेलं, आणि सिस्टर्स ज्या निळ्या काठाच्या साड्या नेसतात त्या तिथेच ते लोक मागावर विणतात. आनंदवन बघितलेल्या आपल्या माणसांनी टिटागढ जरूर बघावं, एका बाबतीत दोन्हीकडे विचार सारखाच दिसतो, हाताला काम दिल्याशिवाय माणूस उभा राहत नाही.

दिवस कसा जातो

सकाळी सातच्या सुमाराला मदर हाऊसला सगळे व्हॉलंटियर जमतात, पाव, केळं आणि चहा असतो, एक छोटी प्रार्थना, आणि मग टोळ्याटोळ्यांनी आपापल्या घरी. प्रेमदानला चालत जातात, कालीघाटला बसने. आठ ते बारा काम, मध्ये चहा-बिस्किट. दुपारी तीननंतर पुन्हा एक पाळी असते, ती ऐच्छिक. पहिले तीन-चार दिवस सकाळचीच करा.

आता मदरनी आपल्या सिस्टर्सनी फक्त भात आणि मीठ खाऊन राहायचं असं सुरुवातीला मनात धरलं होतं. पाटण्याच्या त्या डॉक्टर-नर्स सिस्टर्सनी सांगितलं की असं केलंत तर तुमच्या मुली आजारी पडतील आणि ज्यांची सेवा करायची त्यांच्याच शेजारच्या खाटेवर झोपतील. मदरनी ते ऐकलं. आजही सिस्टर्सचं जेवण साधं असतं पण पोटभर असतं. तेव्हा तुम्हीपण उपासतापास करत तिथे जाऊ नका, नीट जेवा, पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं, दुपारी झोपा.

सकाळी पहिलं काम धुणं. वॉशिंग मशीनवर भिस्त नसते, सगळं हाताने. मोठे हौद असतात, एकात साबण, एकात जंतुनाशक, पुढच्या दोनात साधं पाणी, आणि कपडा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. उलट दिशेने कधीही नाही, एवढं एक सांभाळलं तरी खूप. घोंगड्या आणि रजया पिळायला दोन माणसं लागतात, एकाने एक टोक धरायचं दुसऱ्याने दुसरं आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा, कमरेतून नाही, खांद्यातून. मग बादल्या भरून गच्चीवर. कोरियन पोरगा, स्पॅनिश आजी, बंगाली कॉलेजकुमार आणि तुम्ही अशी रांग लागते आणि कोणाला कोणाची भाषा येत नाही तरी पहिल्या तासात ओळख झालेली असते. धुण्याला कमी समजू नका. मळलेली चादर वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखम होते आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

भरवणं हे सगळ्यात नाजूक काम, तेव्हा ते सविस्तर सांगते. आधी सिस्टरला किंवा तिथल्या माशीला विचारा की या पेशंटला काय आणि किती द्यायचं, साखरेचा त्रास आहे का, गिळायला अडचण आहे का. माशी म्हणजे मावशी, तिथे काम करणाऱ्या बायका, त्यांना प्रत्येक पेशंटची खडान्‌खडा माहिती असते, त्यांचं ऐका. मग पेशंटला बसतं करा, पाठीला उशी, झोपलेल्या माणसाच्या तोंडात कधीही घास किंवा पाणी घालायचं नाही. तुम्ही उभं राहून भरवायचं नाही, समोर बसायचं, म्हणजे त्यांची हनुवटी वर न होता किंचित खाली राहते आणि घास श्वासनळीत जायची भीती कमी होते. अर्धा चमचा. मग थांबायचं, गळा हलला का बघायचं, तोंड रिकामं झालं का बघायचं, मग पुढचा. घास तोंडात असताना प्रश्न विचारायचे नाहीत. खोकला आला, डोळ्यात पाणी आलं, आवाज ओला ओला झाला की लगेच थांबा आणि सिस्टरला बोलवा. पातळ पाण्याने ठसका जास्त लागतो, वरणभात घट्टसर कालवलेला जास्त सुरक्षित. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. आणि तिकडे जेवणात मासा असतो, शाकाहारी असाल तरी काटे काढून द्यावे लागतील, ती मनाची तयारी घरून करून या. काटे चिमटीत चाचपून काढा, नुसते डोळ्यांनी दिसत नाहीत.

प्रेमदानमध्ये एक आजी होत्या, बोलायच्या नाहीत, तोंड घट्ट मिटून घ्यायच्या, ज्याने त्याने भरवायचा प्रयत्न करून सोडून दिलेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी चमचा आजींच्याच हातात दिला, त्यांच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि तो हात धरून घास तोंडाकडे नेला. आजींनी तोंड उघडलं. असा हात धरून भरवण्याला खूप वेळ लागतो, सांडतंही, पण मी तेव्हापासून ज्यांचा हात थोडा तरी हलतो अशा प्रत्येकाला तसंच भरवते. आपण भरवतोय यापेक्षा ते जेवतायत हे जास्त महत्त्वाचं, आणि माणूस स्वतःच्या हाताने जेवला की त्याचा चेहरा वेगळा दिसतो.

उचलताना कधीही एकट्याने उचलू नका, आणि काखेत हात घालून ओढू तर अजिबात नका, खांदा निखळतो. दोघं लागतात, गुडघे वाकवायचे, खालच्या चादरीसकट सरकवायचं. अंथरुणावरच असलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. टाच, माकडहाड, कंबरेचं हाड इथे कातडी लाल दिसली तर ती चोळू नका, चोळल्याने आतलं मांस आणखी दुखावतं, फक्त तिथला भार काढा आणि नर्सला दाखवा. तेल लावायला सांगतात तेव्हा जखमेपासून लांब, हलक्या हाताने. जखमांची मलमपट्टी ट्रेनिंग नसेल तर करू नका, कोणी आग्रह केला तरी नम्रपणे नाही म्हणा.

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका, हिंदी बऱ्याच जणांना समजते. तरी चार शब्द पाठ करा. जोल म्हणजे पाणी, खाबेन म्हणजे जेवणार का, कोथाय बॅथा म्हणजे कुठे दुखतंय, आस्ते म्हणजे हळू, आर एकटू म्हणजे आणखी थोडं. वयस्कर बाईला माशी, पुरुषाला दादा किंवा काकू म्हणा, हो, तिकडे काकू म्हणजे काका, दचकू नका. आणि अंगावरची चादर काढण्याआधी, हात लावण्याआधी सांगायचं, माशी मी आता पाय पुसतेय. त्यांना ऐकू येत नसलं तरी सांगायचं.

फोटो काढायचे नाहीत. घरांच्या आत मनाईच आहे पण मनाई नसती तरी काढायचे नाहीत. लहान मुलांच्या घरी तर फोन बाहेरच पडू देऊ नका, मुलांना परस्पर चॉकलेट, खेळणी देऊ नका, कोणाला पुन्हा येईन म्हणून वचन देऊ नका.

टीका ऐकली असेल, तिचं काय

हा प्रश्न येतोच आणि यावा. १९९४ ला लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कालीघाट बघून लिहिलं होतं की तिथे स्वच्छता, जखमांची काळजी आणि माया आहे, पण निदान करायची धड पद्धत नाही आणि तीव्र वेदनेवर तेवढं तगडं औषध नाही. नर्स म्हणून मला ती टीका रास्त वाटते. वेदना कमी करता येत असताना न करणं मला पटत नाही, मग त्यामागे कितीही श्रद्धा असो. ते हॉस्पिटल नाही, घर आहे, हेही खरं, पण घरातसुद्धा कळवळणाऱ्या माणसाला आपण गोळी देतोच. तेव्हा माझं म्हणणं असं, जाण्याआधी दोन्ही बाजू वाचून जा आणि वैद्यकीय क्षेत्रातले असाल तर जाच, बाहेरून बोलण्यापेक्षा आत जाऊन शांतपणे सिस्टरला सांगा की हा पेशंट दुखण्याने झोपत नाहीये, डॉक्टरांना दाखवू या. मी असं सांगितलेलं आहे आणि ऐकलं गेलेलं आहे.

गुरुवारी काय करायचं

गुरुवारी व्हॉलंटियरना सुट्टी असते, मदर हाऊसही बाहेरच्यांसाठी बंद असतं. म्हणून मदरची समाधी इतर दिवशी संध्याकाळी बघून घ्या, तळमजल्यावर साधा पांढरा चौथरा, त्यावर रोज फुलांची आरास. ५ सप्टेंबर १९९७ ला त्या याच घरात गेल्या. जिन्याने वर त्यांची खोली आहे, खाली स्वयंपाकघर, त्यामुळे ती भट्टीसारखी तापते आणि तिथे त्यांनी पंखा लावून घेतला नाही. नोबेल १९७९ ला, भारतरत्न १९८० ला, आणि खोलीत काय तर लोखंडी कॉट, टेबल, स्टूल.

गुरुवारी मात्र एंटालीला चालत जा. लोरेटोची ती शाळा अजून आहे आणि तिच्या भिंतीपलीकडे मोतीझील. १९४८ च्या डिसेंबरात पाटण्याहून परत आल्यावर मदर या वस्तीत आल्या, ना खोली ना फळा, काठीने मातीत अक्षरं काढून मुलांना शिकवायला लागल्या. तिथून क्रीक लेन गाठा, १४ नंबरचं घर, मायकल गोम्स यांनी वरचा मजला मदरना राहायला दिला होता. १९ मार्च १९४९ ला त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी, सुभाषिनी दास, इथे येऊन दाखल झाली, ती पहिली, पुढे सिस्टर अग्नेस झाली. ७ ऑक्टोबर १९५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटीला चर्चची मान्यता मिळाली आणि १९५३ ला सगळ्या आताच्या मदर हाऊसमध्ये राहायला आल्या. क्रीक लेनला लोकांची घरं आहेत, नुसतं बाहेरून बघायचं, बेल वाजवायची नाही.

कोणाला सिस्टरच व्हायचं असेल तर

वसई, गोवा, मंगळूरकडच्या मुली कधी कधी हे विचारतात. आधी येऊन बघा म्हणून थोडे दिवस त्यांच्यात राहायला देतात, मग तयारीचा काळ, मग दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारी, मग पहिली व्रतं जी दर वर्षी पुन्हा घ्यायची, आणि शेवटची आयुष्यभराची व्रतं. सगळं मिळून आठ-नऊ वर्षं तरी जातात, त्यामुळे भावनेच्या भरात कोणी अडकेल अशी सोयच नाही, मधे कधीही परत जाता येतं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच नन्सची, यांचं चौथं म्हणजे गरिबातल्या गरिबाची मनापासून आणि फुकट सेवा. फुकट हा शब्द तिथे अगदी शब्दशः आहे, ठराविक पगार नाही, सरकारी अनुदान नाही. साड्या तीन, एक अंगावर, एक धुण्यात, एक जास्तीची, एक बादली, चपला, रोझरी म्हणजे जपमाळ. पहाटे पाचच्या आधी उठायचं. घरी जाणं वर्षानुवर्षं होत नाही. आईवडिलांनी मुलीला अडवण्याआधी आणि मुलीने हट्टाला पेटण्याआधी दोघांनीही तिथे आठवडाभर काम करून बघावं.

कोलकात्याला जमत नसेल तर

नोकरी, मुलं, गुडघे, हजार कारणं असतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मुंबईत भायखळ्याला सांकली स्ट्रीटवर आशादान आहे, १९७६ पासून, हिंदुस्थान लिव्हरच्या जागेत. तिथेही तेच धुणं, तेच भरवणं. आणि मुंबईचा या सगळ्यात जुना वाटा आहे, १९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला आले होते, परत जाताना त्यांना इथे वापरायला मिळालेली लिंकन गाडी मदरना देऊन गेले, मदरनी त्या गाडीची सोडत काढली आणि पैसे आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लावले.

वस्तू द्यायच्या असतील तर मनाने नेऊ नका. आधी जा, सिस्टरना विचारा काय संपलंय. बहुतेक वेळा उत्तर येतं मोठ्यांचे डायपर, फिनेल, डेटॉल, जुन्या मऊ सुती चादरी, साबण. वाढदिवसाचा केक आणि साड्यांचे गठ्ठे तिथे पुष्कळ येतात. चादर द्याल ती धुऊन, फाटकी असेल तर शिवून, डबल बेडची असेल तर मधून कापून दोन करून द्या, खाटा सिंगल असतात.